आधार सापडला, म्हणजे काय?

यंत्राने लिहिलेला मजकूर यंत्राकडूनच तपासून घ्यावा, ही कल्पना ऐकताच चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यासारखे वाटावे, हे साहजिक आहे. परंतु गूगल डीपमाइंडच्या संशोधकांनी २०२४ साली पुढे मांडलेले ‘सेफ’ हे साधन तेवढ्यावरून झटकून टाकण्याजोगे नाही. त्याची हकीकत त्यांनी एका शोधनिबंधात आणि प्रोग्रामसोबतच्या माहितीपत्रकात सांगितली आहे. साधनाच्या कर्तबगारीचा निवाडा तज्ज्ञांनी करावा. मला येथे विचार करायचा आहे तो त्या सांगण्याचा. तपासनिसाने काय तपासले आणि काय नाही, हे स्पष्ट नसेल तर त्याच्या शेऱ्याला किंमत ती काय राहणार?

सेफची रीत अशी आहे. एआयने दिलेले लांबलचक उत्तर ते प्रथम एकेका विधानात फोडते. ‘तो’, ‘तेथे’ अशा शब्दांच्या जागी नावे घालते, म्हणजे प्रत्येक विधान एकटे वाचले तरी कळते. मूळ प्रश्नाशी संबंध नसलेली विधाने बाजूस ठेवते. उरलेल्या प्रत्येक विधानासाठी गूगलवर शोध घेते. आधीच्या शोधांत काय मिळाले ते पाहून पुढचा शोध काय घ्यावा हे स्वतःच ठरवते, आणि असे पाच शोध झाले की थांबते. म्हणूनच निबंधकार त्याला ‘एजंट’ म्हणतात. शेवटी शेरा येतो: आधार आहे, किंवा आधार नाही. हा सारा क्रम निबंधात उदाहरणांसह आला आहे; यंत्राला दिलेल्या सूचनाही जशाच्या तशा छापल्या आहेत; प्रोग्राम सर्वांना खुला आहे. एवढा मोकळेपणा या धंद्यात सरसकट आढळत नाही, आणि त्याबद्दल लेखकांना धन्यवाद दिलेच पाहिजेत.

दाव्यांकडे वळले की मात्र मन थोडे शंकित होते. सुमारे १६ हजार विधानांपैकी ७२ टक्के विधानांवर सेफचे आणि माणसांचे मत जुळले. जेथे जुळले नाही त्यांपैकी १०० विधाने निवडून पुन्हा पाहिली, तेव्हा ७६ वेळा सेफ बरोबर ठरले. खर्चही वीस पटींहून कमी. एवढ्या बळावर निबंधाच्या पहिल्या पाठात ‘अतिमानवी’ हा शब्द आला. पण ही माणसे कोण? ती २०२३ सालच्या ‘फॅक्टस्कोअर’ या आधीच्या कामासाठी मोबदला देऊन लावलेली होती, आणि त्यांना विकिपीडियाच्या आधाराने निर्णय द्यायचा होता. सेफला अवघे गूगल मोकळे होते. गॅरी मार्कस यांनी या शब्दावर जाहीर आक्षेप घेतला. पुढच्या पाठात तो शब्द गेला आणि सेफ ‘अशा नेमलेल्या तपासनिसांपेक्षा सरस’ ठरते, एवढेच विधान राहिले. टीका ऐकून शब्द मागे घेणे ही लहान गोष्ट नव्हे. तरीही तो मुळात पडला, हे विसरता येत नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न त्या दोन शेऱ्यांचा आहे. ‘आधार आहे’ म्हणजे ‘खरे आहे’ असे नव्हे, गूगलच्या शोधात दुजोरा मिळाला एवढेच, ही मर्यादा लेखकांनी निबंधात मान्य केली आहे. परंतु साधन वापरणारा प्रथम उघडतो ते माहितीपत्रक. आणि त्याचा भर प्रोग्राम कसा बसवावा, कसा चालवावा, यांवर आहे. शिवाय ‘आधार नाही’ या एकाच टोपलीत दोन वेगळ्या गोष्टी पडतात: जे खोटे ठरले ते, आणि ज्याविषयी काहीच सापडले नाही ते. गुणांकनात मात्र दोन्ही सारखीच वजा होतात. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणाही मास्तरला हा फरक ठाऊक असतो. मुलाने चुकीचे लिहिले, आणि मुलाने मार्गदर्शिकेत नसलेले लिहिले, या दोहोंना एकच लाल रेघ मारणारा परीक्षक अन्याय करतो.

हा अन्याय आपल्या वाट्याला अधिक येणार. सेफसोबत दिलेला ‘लाँगफॅक्ट’ हा प्रश्नसंच ३८ विषयांचा असला तरी इंग्रजी आहे. एखाद्या तालुक्यातील बंधारा कोणी बांधला, जत्रेचा मान कोणाकडे, हे तेथल्या म्हाताऱ्यांना पक्के ठाऊक असते. कित्येकदा ते कोठे छापलेले नसते, मग इंटरनेटवर कोठून यावे? असे खरे विधान ‘आधार नाही’ म्हणून परत येईल, आणि शेरा वाचणारा ते खोटे समजेल. उलट, दहा ठिकाणी उतरवून घेतलेली चूक आधारासह उत्तीर्ण होईल.

तेव्हा माझे मत असे: कार्यपद्धतीचे वर्णन उत्तम, मोजमापाचे वर्णन सुधारून घेतल्यावर समाधानकारक, आणि शेऱ्यांच्या अर्थाचे वर्णन योग्य असूनही चुकीच्या जागी. ते निबंधाच्या पोटातून उचलून माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर आणावे. शेरेही दोनाऐवजी तीन करावेत: आधार सापडला, विरुद्ध पुरावा सापडला, काही सापडले नाही. तिसरा शेरा लिहिण्यात तपासनिसाला कमीपणा नाही.