विभाजन म्हणजे बॅकअप नव्हे

नाशिकला द्वारका भागातील एका शाळेत विज्ञान शिक्षकांशी बोलण्यासाठी आम्ही गेलो होतो. संगणकातील माहिती कशी सांभाळावी, या विषयावरची एक आठ पानी पुस्तिका तेथे शिक्षकांना पूर्वीच वाटलेली होती. ती आम्ही सवडीने वाचली. भाषा सोपी आहे, आकृत्या स्वच्छ आहेत आणि माहितीची दुसरी प्रत काढून ठेवावी हा आग्रहही योग्यच. परंतु पाचव्या पानावरील एका सूचनेबद्दल लिहिणे आम्हांला आवश्यक वाटते. बाह्य हार्ड डिस्कचे दोन विभाग करावेत, एकात कामाच्या फाइली व दुसऱ्यात त्यांचा बॅकअप ठेवावा, म्हणजे माहिती पूर्ण सुरक्षित राहते, असे तेथे म्हटले आहे.

हे चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत याच शाळेने मोजली. गच्चीवरील पर्जन्यमापकाच्या नोंदी विद्यार्थी दर पावसाळ्यात रोज घेत. अशा नऊ वर्षांच्या नोंदी एका बाह्य डिस्कवर होत्या. पुस्तिकेबरहुकूम दोन्ही विभागांत. मूळ वह्या, आता सगळे संगणकावर आले म्हणून, रद्दीत गेल्या होत्या. एके दिवशी चालू असलेली डिस्क टेबलावरून खाली पडली. त्यानंतर तिच्यातून फक्त टक्‌टक् असा आवाज येई.

विभाग म्हणजे नेमके काय, हे पुस्तिकेत कोठेच सांगितलेले नाही. डिस्कच्या सुरुवातीला एक लहानसा तक्ता असतो आणि कोणता विभाग कोठून कोठपर्यंत, एवढेच त्यात लिहिलेले असते. जुन्या एमबीआर पद्धतीत पहिल्या ५१२ बाइटांपैकी अवघे ६४ बाइट या तक्त्यासाठी असून त्यात चारच नोंदी मावतात. नव्या जीपीटी पद्धतीत तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवतात. पहिला तक्ता बिघडला तर ती उपयोगी पडते; डिस्कच निकामी झाली तर तिचाही उपयोग नाही. कारण विभाग दोन केले तरी चकत्या त्याच, मोटर एकच आणि वाचणारी शीर्षे धरणारा दांडाही एकच. फिरत्या चकतीपासून शीर्ष काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. धक्क्याने ते चकतीवर आपटले, तर ते विभागाची सीमा पाहत नाही.

द्वारका चौकातून जाणाऱ्यांना हे समजावणे सोपे आहे. रस्त्यावर पांढरे पट्टे ओढले की मार्गिका दोन होतात, पण रस्ता खचला तर दोन्ही बंद. वरचा उड्डाणपूल ही मात्र खरोखरच दुसरी वाट आहे.

विभाजन निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. अ‍ॅपलने २००७ साली आणलेल्या टाइम मशीनचे उदाहरण घ्या. गेल्या चोवीस तासांच्या दर तासाच्या, गेल्या महिन्याच्या रोजच्या आणि त्यामागील दर आठवड्याच्या प्रती ते ठेवते, आणि जागा भरली की सर्वांत जुन्या प्रती काढून टाकते. म्हणजे दिलेली सगळी जागा ते हळूहळू व्यापणारच. त्याच डिस्कवर इतर फाइलीही ठेवायच्या असतील तर वेगळा विभाग करणे शहाणपणाचे. फक्त त्या इतर फाइली जर तेथेच असतील, तर त्यांचा बॅकअप कोठेच नाही, हे ध्यानात ठेवावे. विंडोज ७ मधील बॅकअपची सोय तर त्याच डिस्कवरचा दुसरा विभाग निवडला की धोक्याची सूचना देत असे. पुस्तिकाकारांनी ती कधी पाहिली नसावी, किंवा पाहून पुढचे बटण दाबले असावे. (आम्हीही पुष्कळदा तेच करतो.)

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम पुस्तिकेत एका ओळीत मावला असता: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. शाळेतलेच दुसरे कपाट हे दुसरे ठिकाण नव्हे. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मधील गोदावरीचे पूर पाहिलेल्या नाशिककरांना याचे कारण सांगायला नको.

शाळेच्या काही नोंदी परत मिळाल्या, त्या दोन माजी विद्यार्थ्यांमुळे. प्रकल्पासाठी त्यांनी काही वर्षांच्या फाइली घरी नेल्या होत्या. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या तेव्हा काही आकडे जुळेनात. एकीत २४ मिलिमीटर, तर दुसरीत ४२. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या संपादकांपुढे हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर होता. काश्मीरपासून केरळपर्यंत विखुरलेल्या हस्तलिखितांतील पाठभेद ताडून त्यांना संहिता ठरवता आली, ती प्रती अनेक हातांनी, अनेक ठिकाणी केलेल्या होत्या म्हणून. प्रत काढल्यावर ती उघडून मुळाशी ताडून पाहावी, ही सूचनाही पुस्तिकेत नाही. सुधारित आवृत्ती निघणार असेल तर सातव्या पानावरील डिस्कच्या रंगीत चित्राऐवजी ती घालता येईल.

शाळेत जुळणीचे काम विद्यार्थीच करीत आहेत. न जुळणाऱ्या प्रत्येक आकड्यापुढे ते तूर्त प्रश्नचिन्ह लिहितात. तीन वर्षांच्या नोंदी मात्र दोन्ही प्रतींत नाहीत.