हवेतलं घर आणि जमिनीचा हिशेब

मंडळी, आजचा विषय आकाशाचा आहे, आणि आपण बसलोय देहूत. आकाश या गावाला परकं नाही. तुकाराम बीजेला भर दुपारी नांदुरकीखाली हजारो माणसं जमतात, त्यांचे डोळे वर लागलेले असतात. त्यामुळे इथं एक प्रश्न सरळ विचारता येतो: वर जाणाऱ्याने खाली राहिलेल्यांचं काय करायचं?

टोमास सारासेनो हा अर्जेंटिनात जन्मलेला, बर्लिनमध्ये काम करणारा कलावंत. शिक्षण वास्तुकलेचं. माणसाने हवेत तरंगणाऱ्या वस्त्यांत राहावं, हे त्याचं जुनं स्वप्न. २०१२ मध्ये मिलानमधल्या एका जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये त्याने 'ऑन स्पेस टाइम फोम' ही मांडणी केली. पारदर्शक प्लास्टिकचे तीन थर, जमिनीपासून पंधरा-वीस मीटरवर ताणलेले, आणि त्यावर प्रेक्षक रांगतायत.

आता गंमत बघा. तुम्ही बसलात की पडदा खोलगट होतो आणि शेजारचा घसरत तुमच्याकडे येतो. वस्तुमानामुळे अवकाश वाकतं, हे आइन्स्टाइनचं म्हणणं समजावताना पुस्तकात ताणलेलं रबर आणि त्यावरचा चेंडू दाखवतात. इथं चेंडू तुम्हीच. हल्ली 'इमर्सिव्ह' म्हणून जे शो येतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी भिंतींवर चित्रं फिरतात, हात हलवला की उजेड हलतो. पण शेजाऱ्याला त्याचं काहीच होत नाही. सारासेनोचं काम मला मोठं वाटतं ते इथं: तुमच्या वजनाची जबाबदारी तुमच्यावर येते.

उणीवही तिथंच आहे. ही जबाबदारी पडद्यावर चढलेल्यांपुरतीच. ज्यांना चढता येत नाही, ते खालून नुसते बघणार.

विज्ञान याबाबतीत जास्त काटेकोर असतं. पुण्याच्या आयुकाचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून बलून सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली गेली. त्या हवेत सूक्ष्मजीव सापडले. हवेतलं खरंखुरं जगणं म्हणतात ते हे! पण लगेच प्रश्न आला: हे बाहेरून आले, की आपल्याच जमिनीवरून वर गेले? म्हणजे ४१ किलोमीटर वर जाऊनही जमिनीचा प्रश्न सुटला नाही.

सारासेनो स्वतः या प्रश्नापाशी आला तो जानेवारी २०२० मध्ये. अर्जेंटिनातल्या सालिनास ग्रांदेस या मिठागरावरून त्याचा काळा बलून 'एरोसीन पाचा' उडाला. इंधन नाही, हेलियम नाही. उन्हाने तापलेली हवा तेवढी. लेतिसिया मार्केस या वैमानिक बाईंनी त्यात ३२ जागतिक विक्रम केले. खर्चाला हात मात्र बीटीएस या कोरियन बँडच्या प्रकल्पाचा. याला प्रसिद्धीचा खेळ म्हणता येईल. पण बलूनवर काय लिहिलं होतं? पाणी आणि जीवन लिथियमपेक्षा मोलाचं आहे. हे म्हणणं तिथल्या आदिवासी समाजांचं. त्यांच्या कोरड्या मुलखात मिठागराखालचं खारं पाणी उपसून, सुकवून लिथियम काढायचं घाटतंय.

आता इथून आकुर्डी किती लांब? चाकण किती लांब? या पट्ट्यात इलेक्ट्रिक गाड्या तयार होतात आणि त्यांच्या बॅटरीत लिथियम असतं. तुमच्यापैकी कित्येकांचं घर त्या कामावर चालतं. ते काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. धूर कमी व्हायलाच हवा. पण मिलानच्या पडद्याला खोलगट भाग पडला, तेव्हा घसरणारा माणूस निदान समोर दिसत होता. लिथियमच्या पडद्यावर आपण बसतो चाकणला आणि घसरतं कोणीतरी अर्जेंटिनात.

म्हणून मला 'पाचा' मिलानपेक्षा सरस वाटतो. एकच माणूस उडाला, तोही थोडा वेळ. तरंगती वस्ती काही उभी राहिली नाही. पण वर जाताना त्याने खालच्यांचं म्हणणं बरोबर नेलं. पुढं अशी एखादी मांडणी पाहायला गेलात, तर 'किती भारी दिसतंय' याच्या पुढं जाऊन एवढं तपासा: आपण पाऊल टाकलं तेव्हा कोण हललं, आणि तो आपल्याला दिसला का?