विल्यम्सबर्गचा लिलाव

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली, तेव्हापासून तो इतिहास आपल्याला परका नाही. म्हणून विल्यम्सबर्गच्या एका प्रयोगाविषयी लिहितो. मी तो पाहिलेला नाही, वर्णने वाचली आहेत.

व्हर्जिनियाची ही जुनी राजधानी रॉकफेलरच्या पैशाने पुन्हा उभी राहिली. अठराव्या शतकात तिथली निम्म्याहून अधिक वस्ती काळ्यांची, बहुतेक गुलामांची. पण जुन्या पोशाखातले नट प्रवाशांना इतिहास सांगत, त्यात काळे कलावंत १९७९ मध्ये आले. पुढे १० ऑक्टोबर १९९४ रोजी एका सराईसमोर गुलामांच्या लिलावाचा प्रयोग झाला. तो काळ्या कलावंतांच्या विभागानेच ठरवला होता. विभागप्रमुख क्रिस्टी कोलमन स्वतः गर्भवती दासी झाल्या. एन.ए.ए.सी.पी.च्या कार्यकर्त्यांनी विरोध केला. आमच्या पूर्वजांचे दुःख ही पर्यटकांची करमणूक काय? प्रश्न रास्तच होता. मात्र विरोधकांपैकी जॅक ग्रेव्हली यांनी प्रयोग पाहिल्यावर मत बदलले, हेही नोंदले पाहिजे.

गर्भवती बाई आणि तिचा नवरा दोन वेगळ्या मालकांना विकले जातात. हा प्रवेश हृदयद्रावक खरा, पण अपेक्षित. सुतार मात्र त्याच्या हत्यारांसकट विकला जातो. हाताची आणि रंध्याची किंमत एकाच दमात पुकारली जाते. आणि तो तिसरा प्रवेश! एका दासीचा नवरा स्वतंत्र काळा माणूस आहे. गोऱ्या जमीनदाराविरुद्ध बोली लावून तो स्वतःची बायको विकत घेतो. प्रेक्षकाला हायसे वाटते, आणि त्याच क्षणी ध्यानात येते की नवरा बायकोचा मालक झाला याचा आपल्याला आनंद झाला! आमच्या पंडितांच्या करुणरसात हे कुठे बसवायचे? रडणारा प्रेक्षक स्वतःला निर्दोष समजून घरी जातो. इथे तो बोलीत सामील होतो.

माझी तक्रार खरेदीदारांविषयी आहे. मी वाचलेल्या वर्णनांत विकल्या गेलेल्यांना नावे आहेत, नातीगोती आहेत. घेणारा नुसता ‘श्रीमंत जमीनदार’. वर्गात हे सांगत होतो, तर मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “सर, विकत घेणाऱ्याचं नाव काय?” मला सांगता आले नाही. असा प्रयोग पुन्हा कोणी बसवला, तर पुढचा प्रवेश त्या जमीनदाराच्या घरात, जेवणाच्या टेबलावर व्हावा.