हजेरीपटातलं रहस्य

मराठीत ‘वर्ग’ म्हणजे शाळेतली खोलीही आणि समाजातला थरही. त्यामुळे नेटफ्लिक्सवरच्या ‘क्लास’ (2023) या मालिकेचं नाव एकाच शब्दात मराठीत येतं. अनुवादकाला अशी चैन क्वचित मिळते. अडचण नावानंतर सुरू होते.

‘क्लास’ हे स्पॅनिश ‘एलिते’चं (2018) भारतीय रूप. श्रीमंतांच्या शाळेत तीन गरीब मुलं येतात, एका मुलीचा खून होतो आणि पोलिसांच्या चौकशीतून कथा मागेपुढे होत राहते. आशिम अहलुवालिया यांनी हा सांगाडा दिल्लीत आणला. मूळच्या पॅलेस्टिनी कुटुंबातली नादिया इथे काश्मिरी सबा झाली. सामुएलचा धीरज झाला आणि त्याला आडनाव मिळालं वाल्मीकि. हा बदल धाडसाचा आहे, ते आधीच मान्य करते. सामुएल नुसता गरीब होता.

पण आडनाव बदललं तरी यंत्र तेच राहिलं. आठही भागांना एकच प्रश्न पुढे ढकलतो: सुहानीला कुणी मारलं? या प्रश्नापुढे जात फार तर पुरावा ठरते. कुणाचा अपमान झाला की तो खुनाचं कारण होऊ शकेल का, एवढंच आपण तपासतो आणि पुढच्या पार्टीकडे वळतो. (पार्ट्या उदंड आहेत. शाळेत कुणी काही शिकतंय असं मात्र क्वचितच वाटतं.)

मी भिलाईत वाढले. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी, मराठी मुलं एकाच बाकावर बसायची. वडिलांचा हुद्दा क्वार्टरवरून कळायचा, तो कुणी विचारत नसे. विचारलं जायचं ते ‘पूरा नाम?’ नुसतं ‘कुमार’ लावणाऱ्या एका मुलाला आमचे एक सर हजेरीच्या वेळी हटकून विचारत, ‘कुमार के आगे?’ अख्खा वर्ग मान वळवून त्याच्याकडे बघे. खरं तर उत्तर सगळ्यांना ठाऊक असायचं. तरी त्या दोन-चार सेकंदांइतका श्वास मी कुठल्याही थ्रिलरमध्ये रोखलेला नाही.

थ्रिलरला गुपित लागतं आणि इथे तर गुपितच नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (2013) जब्याची जात गावाला माहीत आहे. तरीही शाळेजवळ डुकरं धरताना सोबत्यांनी आपल्याला पाहू नये म्हणून तो लपत राहतो. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, घरचे सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि हाताशी आलेलं डुक्कर निघून जातं. जब्याला भीती आहे ती दिसण्याची. ‘क्लास’ला फक्त उघडकीस येण्याची भीती रंगवता येते.

हे रूपांतर माझ्याकडे आलं असतं, तर पहिला भाग हजेरीपासून सुरू केला असता. एकेक नाव, पूर्ण. खून तिसऱ्या भागापर्यंत थांबला असता तरी चाललं असतं.