ओवीचा आधार आणि चार महापदेश

आंबेडकरी चळवळीवरील शोधनिबंधांत जात्यावरच्या ओव्या पुरावा म्हणून उद्धृत होऊ लागल्या आहेत. ही गोष्ट आम्हांस स्वागतार्ह वाटते. उद्धृत करण्याची रीत मात्र चिंत्य आहे. ग्रंथाचा आधार घेताना लेखक, आवृत्ती, पृष्ठ हे सारे काटेकोरपणे दिले जाते. ओवीपुढे मात्र 'लोकगीत' किंवा 'मौखिक परंपरा' एवढे लिहून संशोधक मोकळा होतो. जिने ती ओवी गायिली, ती माउली तळटीपेतही येत नाही.

अशा दुर्लक्षित साधनांचे बौद्धविद्येवरील ऋण मोठे आहे. भारहुतच्या स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्यावर दात्यांचे छोटे लेख कोरलेले आहेत. इ. स. पूर्व काळातील या लेखांत कोणा दात्याचे बिरुद 'पेटकी' आहे, तर कोणाचे 'पंचनेकायिक'. पिटक व पाच निकाय ही विभागणी त्या काळी रूढ होती, या मताच्या पुष्ट्यर्थ ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १९०३ साली हीच बिरुदे पुढे केली. दात्याचे नाव आणि बिरुद कोरलेले होते, म्हणूनच तो दगड साक्षीदार ठरला.

ओव्यांच्या बाबतीतही अशी नोंद अशक्य नाही. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहात गायिकेचे नाव व गाव नोंदविले आहे. त्यांत बाबासाहेबांवरील ओव्याही आहेत. संग्राहकांनी जपलेले नाव निबंधकाराने गाळावे, हा केवळ आळस नव्हे, अन्यायही आहे.

तथापि नाव दिले म्हणजे प्रमाण सिद्ध झाले, असे नाही. दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्तात भोगनगर येथे भगवंतांनी चार महापदेश सांगितले. वचन साक्षात भगवंतांकडून ऐकले असे कोणी म्हणो, संघाकडून म्हणो, अनेक थेरांकडून म्हणो वा एकाच थेराकडून. ते लगेच स्वीकारू नये, लगेच झिडकारूही नये. शब्द नीट ग्रहण करून सुत्त व विनय यांच्याशी ताडून पाहावेत. येथे दोन गोष्टी लक्षणीय आहेत: कोणाकडून ऐकले हे आधी सांगावे लागते, आणि थोराला व एकट्याला कसोटी एकच असते.

हीच कसोटी ओवीला लावावी. एखाद्या सभेची तारीख ओवीवरून ठरविता येणार नाही. त्यासाठी 'बहिष्कृत भारत' वा 'जनता'चे अंकच चाळले पाहिजेत. परंतु त्या सभेचा अर्थ दळणाऱ्या बाईने काय लावला, हे त्या अंकांत क्वचितच सापडेल. तेथे ओवीच प्रथम साधन होय.

म्हणून आमच्या तरुण अभ्यासकांस आग्रहाची विनंती आहे की, ओवीखाली गायिकेचे नाव, गाव, ध्वनिमुद्रणाचे वर्ष व संग्राहक यांची नोंद करावी. नाव देण्यास तिची संमती आहे की नाही, हेही पाहावे. ज्या समाजाची नावे शतकानुशतके कागदावर येऊ दिली गेली नाहीत, त्याच्या अभ्यासकांनी तरी ती गाळू नयेत.