लिंबूटिंबूचा नियम

सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांत प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने ज्ञानरचनावाद रुजला, तेव्हा खडे, मणी, काड्या आणि आखलेली जमीन ही मुलांची साधने झाली. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’नंतर ठिकठिकाणच्या शाळांनी फरश्या रंगवून घेतल्या. पण खडूची रेघ मुलाला पुसून पुन्हा आखता येते. ऑइलपेंटची येत नाही. नकलेत हरवले ते हेच.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात, मोहित्यांचे वडगाव येथे, २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास मोबाइल-टीव्ही बंद राहू लागले. उपक्रम स्तुत्यच. मात्र भोंग्याने पडदा बंद होतो; पडद्यावरचा कोणता खेळ शिकवतो आणि कोणता नुसता खिळवतो, हे मुलांनाच विचारावे लागते.

वास्तविक खेळाची रचना आणि पारख मुले रोज अंगणात करतात. धाकट्याला बाद न करता खेळात ठेवणारा ‘लिंबूटिंबू’ कोणा तज्ज्ञाने सुचवलेला नाही. एकावरच सारखे राज्य येऊ लागले, की तिथल्या तिथे नियम बदलतो. शैक्षणिक खेळ तयार करणारे मात्र मुलांना अगदी शेवटी गाठतात आणि ‘आवडला का?’ एवढेच विचारतात. पाहुण्यांसमोर सगळा वर्ग ‘हो’ म्हणतो. खरे उत्तर मूल डाव अर्ध्यावर सोडते तिथे असते.

म्हणून अशा खेळाला एकच प्रश्न विचारावा: यातला एखादा नियम मुलांनी बदलला आणि तो बदल पुढे टिकला का? तसे झाले नसेल, तर तो फरशीवर उतरवलेला धडाच आहे.