विष्कंभक आणि ‘पुढील भागात’

दैनंदिन मालिकांतल्या ‘मागील भागात’ आणि ‘पुढील भागात’ या तुकड्यांना आपण वैतागतो. पण त्यांचा पूर्वज आपल्याच नाट्यशास्त्रात आहे. धनंजयाने 10व्या शतकातल्या ‘दशरूपका’त विष्कंभकाचे काम सांगितले ते हेच : घडलेल्या आणि घडणाऱ्या कथाभागांची सूचना देणे. मात्र ही सूचना संक्षिप्त हवी, आणि रंगभूमीवर जे नीरस वा अनुचित ठरेल तेवढेच सूचित करावे. रसपूर्ण ते प्रत्यक्ष दाखवावे.

मालिकांनी हा नियम उलटा केला. काल दाखवलेले त्या आज पुन्हा दाखवतात आणि उद्याचा सर्वांत रंगलेला क्षण आजच खर्च करतात.

पुढचे आधी कळले की रसभंग होतोच, असे नाही. ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकाच्या आरंभी विष्कंभकात दुर्वासांचा शाप पडद्याआडून ऐकू येतो. दुष्यंत विसरणार, हे सख्यांना आणि प्रेक्षकांना कळते, शकुंतलेला नाही. त्या जाणिवेमुळेच तिचा निरोप काळीज चिरतो.

मालिकेच्या झलकेत उगारलेला हात दिसतो. दुसऱ्या दिवशी कळते, तो पात्राच्या मनातला खेळ होता. कालिदास प्रेक्षकाला गुपितात सामील करून घेतो, मालिका त्याला चकवते. साप्ताहिक मालिकांच्या काळी उजळणीला निमित्त तरी होते. रोज येणाऱ्या प्रेक्षकाला कालचेही आठवत नसेल, असे धरून चालणे हा त्याच्या रसिकतेचा अपमान आहे.